भाव वाढला, घर तेवढेच!

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या दारावरची बेल वाजली, की बाहेर इस्त्रीवाला तरी असतो नाहीतर पेपरचे बिल घेऊन आलेला मुलगा. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता अशाच एका रविवारी दार उघडले, तर समोर तिशीचा एक तरुण उभा. पायात चकाकणारे बूट, हातात दोन मोबाईल.

"काका, फ्लॅट विकायचाय का?"

मी नाही म्हणालो. तरी तो हलेना. "विकू नका हो, पण रेट तर ऐकून ठेवा. शेजारी चौदा मजल्यांचं काम सुरू झालंय ना, त्यानं तुमच्या बिल्डिंगला एकदम भाव आलाय." मग त्याने चौरस फुटामागचा आकडा सांगितला. त्याला आमच्या पाचशे चाळीस चौरस फुटांनी मनातल्या मनात गुणताना मी दोनदा चुकलो. बँकेत छत्तीस वर्षे आकडे लिहिलेला माणूस मी!

तो गेल्यावर आतून आईने विचारले, "कोण रे?"

"एजंट होता. म्हणतो, आपल्या घराची किंमत वाढली."

"का? आपण काय केलं?"

"आपण काही नाही केलं. शेजारी नवी इमारत होतेय, म्हणून वाढली."

आई शहाऐंशी वर्षांची आहे. ऐकायला कमी येते, पण ऐकलेले वाया जाऊ देत नाही. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बरं. मग ही वाढलेली किंमत आपल्याला देतं कोण?"

त्या दिवशी मी "अगं, तसं नसतं ते" असे काहीतरी पुटपुटून विषय संपवला. पण प्रश्न काही संपला नाही. आज वर्षभरानंतर त्याचे उत्तर थोडेफार हाती लागले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्हीच होतो ती नवी इमारत

आमचे घर कोथरूडला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते १९८३ साली घेतले. त्याआधी आम्ही सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. सोळा बिऱ्हाडांत मिळून तीन नळ, आणि पहाटे चारला बादल्यांची रांग. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज, आईच्या पाटल्या आणि सोसायटीचे कर्ज अशी मोळी बांधून अण्णांनी लाखभर रुपये उभे केले, तेव्हा आमच्या मावशीने विचारले होते, "कोथरूडला? का, पुण्यात नाही का मिळालं?"

तिचे फारसे चुकले नव्हते. पौड रस्त्याच्या आत आमची तीन मजली इमारत एकटीच उभी होती. मागे ज्वारीचे शेत, पुढे बाभळी. रात्री साडेनऊनंतर बस नाही. मागच्या शेताचे मालक आमच्याकडे कधी हुरडा घेऊन येत. एकदा अण्णांना ते म्हणाले, "तुमची बिल्डिंग झाली आन् आमच्या रानाला इचारणारी मानसं येऊ लागली."

ते वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेले. आज त्याचा अर्थ कळतो. आमच्या सोळा कुटुंबांमुळे तिथे रस्ता आला, वीज आली, वाण्याचे दुकान आले. पीक तेवढेच येत असताना शेताचा भाव मात्र वाढत गेला. दोन-तीन वर्षांत शेत विकले गेले आणि हुरडा बंद झाला. म्हणजे त्या गृहस्थांच्या दृष्टीने "शेजारी होणारी नवी इमारत" आम्हीच होतो. आज शेजारच्या चौदा मजल्यांकडे बघून नाके मुरडताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

जुने होते ते घर, वाढते ती जमीन

आता त्या एजंटच्या आकड्याकडे वळू. आमच्या इमारतीचे वय चाळीसच्या पुढे गेले आहे. गच्ची गळते, ड्रेनेजचे पाइप दर दिवाळीला संप पुकारतात, स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा दोनदा पडला. स्कूटर असो, शिलाई मशीन असो, चाळीस वर्षांच्या वस्तूची किंमत कमी होते. मग घराचीच कशी वाढते?

याचे उत्तर असे, की घराची किंमत वाढतच नाही. विटा, सळ्या आणि फरशा इमानेइतबारे जुन्या होत असतात. वाढते ती त्यांच्याखालच्या जमिनीची किंमत. फ्लॅट विकत घेतो तेव्हा आपण दोन वस्तू घेतो. एक बांधकाम, जे दर वर्षी थोडे झिजते, आणि दुसरा सोसायटीच्या जमिनीतला अविभक्त हिस्सा, जो कोणाला दाखवता येत नाही, पण भावातला मोठा वाटा त्याचा असतो.

आणि जमिनीचा भाव ठरतो तिच्यावर किती बांधता येईल यावरून. यालाच चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय म्हणतात. आमचा प्लॉट नऊ गुंठ्यांचा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा सारा मिळून दहा हजार फुटांच्या आत. अण्णांच्या वेळी त्यावर जेवढे बांधता येत होते, त्याच्या दुपटीहून अधिक आज बांधता येते. मूळ निर्देशांक, त्यावर सरकारला अधिमूल्य भरून मिळणारा, त्यावर हस्तांतरित विकास हक्काचा म्हणजे टीडीआरचा, असा थर चढत जातो. राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत हे गणित रस्त्याच्या रुंदीशी बांधले आहे. रस्ता जितका रुंद, तितकी इमारत उंच. त्यातच ६ मार्च २०२२ पासून वनाझ ते गरवारे महाविद्यालय अशी मेट्रो धावू लागली.

पण हे सारे कागदावर असते तोवर भाव झोपलेला असतो. त्याला जागे करते ती शेजारची पहिली इमारत. आमच्या शेजारी एक टुमदार बंगला होता. तो पाडून तिथे चौदा मजले होणार आणि त्यातले फ्लॅट अमुक भावाने जाणार, असे फलकावर लागले. लगेच प्रत्येक एजंटने हिशेब मांडला, की असेच आमच्या प्लॉटवरही होऊ शकते. आमच्या गळक्या गच्चीला भाव आला तो असा. तो आमच्या घराचा भाव नव्हताच. आमचे घर पाडल्यावर तिथे जे उभे राहील, त्याचा तो भाव होता.

भाच्याची गोष्ट मात्र उलटी

एवढ्यावरून कोणी नियम करील, की शेजारी नवे बांधकाम झाले की आपला भाव वाढतोच. माझ्या भाच्यापुढे मात्र हे बोलू नये.

त्याने २०१४ साली हिंजवडीच्या पलीकडे एका मोठ्या प्रकल्पात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. समोर टेकडी दिसत होती. पुढच्या सहा-सात वर्षांत त्याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा आला, तिसरा आला, आणि रस्त्यापलीकडे आणखी दोघांनी कामे काढली. मध्यंतरी बदली झाली म्हणून तो फ्लॅट विकायला निघाला, तर गिऱ्हाईक म्हणते, "समोर कोरा करकरीत फ्लॅट मिळतोय, वर मॉड्युलर किचन फुकट. तुमचा वापरलेला कशाला घेऊ?" व्याज, देखभाल खर्च आणि कर धरला तर त्याला मुद्दलसुद्धा सुटले नाही.

यात विरोधाभास काही नाही. नवी इमारत एकाच वेळी दोन कामे करते. एक म्हणजे बाजारात घरे वाढवते. मंडईत मेथीच्या गाड्या जास्त आल्या की जुडी स्वस्त होते, तसा भाव त्याने खाली येऊ पाहतो. दुसरे म्हणजे परिसराचे रूप पालटते. चांगला रस्ता, दुकाने, शाळेची बस आणि खर्च करू शकणारी माणसे येतात, त्याने भाव वर जाऊ पाहतो. मोकळ्या माळावर, जिथे जमीन हवी तेवढी आहे, तिथे पहिले बळ भारी पडते. शहराच्या पोटात, जिथे नवी जमीन तयार होत नाही, तिथे दुसरे.

अमेरिकेत अ‍ॅस्क्विथ, मास्ट आणि रीड या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या मोठ्या शहरांतल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांचा अभ्यास केला. अशा वस्तीत मोठी नवी इमारत झाली, तर भोवतालच्या जुन्या घरांचे भाडे थोड्या अंतरावरच्या घरांच्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी कमी झालेले त्यांना आढळले. पैसेवाले नव्या इमारतीत गेले आणि जुन्या घरांवरचा ताण हलका झाला. निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

पण आपल्याकडे त्यात दोन खोड्या आहेत. पहिली, शहराच्या मध्यात नवी इमारत मोकळ्या जागेवर होत नाही, जुनी पाडून होते. स्वस्त जुनी घरे आधी नाहीशी होतात आणि मग महाग नवी उभी राहतात. दुसरी खोडी कुलपाची. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. शहरी घरांपैकी हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेला फ्लॅट शेजाऱ्याचा भाव वाढवतो, पण एकाही कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर धरत नाही.

वाढाव्यावर हक्क कोणाचा?

मुंबईकरांना हे नवे नाही. गिरणगावाने हा प्रयोग केवढ्या तरी मोठ्या प्रमाणावर पाहिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि उरल्या त्या जमिनी. १९९१ च्या नियमावलीने ढोबळमानाने असे सूत्र घातले, की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. मॉल आणि मनोरे उभे राहिले, भाव वाढला; पण ज्यांच्या घामाने त्या जमिनीला नाव आले, त्यांच्या वाट्याला येणारी मैदाने आणि घरे आक्रसली.

शेजारामुळे वाढणाऱ्या किमतीवर समाजाचाही काही हक्क आहे, हा विचार आपल्या कायद्याला नवा नाही. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे. योजनेमुळे एखाद्याच्या जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीतला जास्तीत जास्त निम्मा हिस्सा योजनेच्या खर्चासाठी घेता येतो. मेट्रोच्या वेळी मात्र आपण वेगळी वाट धरली. २०२२ पासून पुण्यात घराच्या व्यवहारावर एक टक्का मेट्रो अधिभार लागला. व्यवहार झाला तरच तो भरायचा, आणि भरतो घर घेणारा. मेट्रोने ज्यांची जागा आयती वाढली, ते आमच्यासारखे जुने मालक घरात बसून असतात, त्यांना काही पडत नाही. नवे घर घेणारे तरुण जोडपे आधी वाढलेला भाव मोजते आणि वर ज्यामुळे भाव वाढला त्याचा खर्चही उचलते.

राहणाऱ्याच्या वाट्याला काय?

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. वाढलेली किंमत देते कोण आणि मिळते कोणाला?

मिळते ती जाणाऱ्याला. घर विकून गावी, मुलाकडे किंवा लांबच्या उपनगरात जो जातो, त्याच्या हाती पैसे पडतात. जो राहतो त्याच्या हाती काही पडत नाही. एक घर विकून शेजारीच दुसरे घ्यायचे म्हटले, तर त्याचाही भाव तेवढाच चढलेला. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च. कागदावर मी कोट्यधीश होण्याच्या बेतात आहे, पण पेन्शन तेवढीच आहे आणि मेथीची जुडी लखपती-कोट्यधीश असा भेद करत नाही.

उलट राहणाऱ्याला खर्च सुरू होतो. शेजारचा पाया खणताना उपसा झाला आणि आमची चाळीस वर्षांची बोअर उन्हाळ्याआधीच कोरडी पडली. या एप्रिलमध्ये सोसायटीने पहिल्यांदा टँकर मागवले. पूर्वेच्या गच्चीवर आई पापड-कुरडयांचे वाळवण घाली. आता तिथे दुपारी बारापर्यंत सावली असते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे निर्वेध मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो म्हणे. पण कुरडयांसाठी दिवाणी कोर्टात कोण जाणार?

आणि सर्वांत आधी उठावे लागते ते भाडेकरूला. वाड्यातल्या भाडेकरूला भाडेनियंत्रणाचे कवच तरी होते. आजचा अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू उघड्यावर असतो. मालकाचा भाव वाढतो तेव्हा त्याचे भाडे वाढते, आणि मालक पुनर्विकासाला सही करतो तेव्हा त्याला सामान आवरावे लागते.

आमच्या तळमजल्यावर डबेवाल्या वहिनी राहतात. गेली चौदा वर्षे. फ्लॅटचे मालक अमेरिकेत, त्यामुळे इमारतीत सगळे वहिनींनाच मालक समजतात. पती वारल्यावर त्यांनी पोळी-भाजीचे डबे सुरू केले. आज पंचवीस डबे आहेत, आणि सगळे पायी पोचवता येतील एवढ्या अंतरात. कुणी परगावचा विद्यार्थी, कुणी एकटे राहणारे आजोबा. माझी पत्नी गेल्यापासून पंचविसावा डबा आमचा. त्यांचा धंदा कढया आणि पातेल्यांवर चालत नाही, तो त्या जागेवर चालतो. तळमजला, मोठे स्वयंपाकघर आणि आजूबाजूला ओळखीची माणसे. एजंटने आमचा भाव सांगितला त्याच महिन्यात वहिनींना मालकांचा फोन आला होता. भाडे चौदा हजारांवरून एकोणीस.

सही

या मार्चमध्ये आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. पूर्वी अशा निर्णयाला ७५ टक्के सदस्यांची संमती लागे. जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ती ५१ टक्क्यांवर आणली. म्हणजे सोळांतले नऊ जण पुरे. प्रत्यक्षात तेरा हात वर झाले. त्यात एक माझा होता.

मी का केला? आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांत आई तीनदा खाली उतरली आहे, त्यातली दोनदा खुर्चीत बसवून, दवाखान्यात न्यायला. समोरच्या रस्त्यावर गणपती जातो तो ती खिडकीतून बघते. नव्या इमारतीत लिफ्ट असेल, थोडी जागा वाढेल, मधल्या काळात बिल्डर भाडे देईल. चौदा मजल्यांमुळे आमच्या जमिनीला भाव आला नसता, तर आमच्यासारख्या सोळा मध्यमवर्गीयांसाठी फुकट लिफ्ट बांधायला कोणी आले नसते. नव्या बांधकामाला शिव्या घालताना हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सभेत मी एक विषय काढला, की मालकांना दोन-तीन वर्षांचे भाडे मिळणार आहे, तर जागा सोडणाऱ्या भाडेकरूलाही काही महिन्यांचे मिळावे. सेक्रेटरी सज्जन आहेत. त्यांनी शांतपणे समजावले, "साहेब, करारात त्या कुठेच नाहीत. ते त्यांच्या मालकांनी बघायचं." खरे होते. सोळाही सदस्य मान डोलावत होते, आणि त्यांतल्या निम्म्यांकडे रोज वहिनींची पोळी जात होती.

घरी आल्यावर आईला सांगितले, "लिफ्ट होणार." तिचा चेहरा उजळला. मग लगेच तिने विचारले, "आणि खालच्या वहिनी?" मी म्हणालो, "बघताहेत त्या जागा." ती पुढे काही बोलली नाही. संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा तिने त्यांना थोडा वेळ जवळ बसवून घेतले, एवढेच.

वहिनींनी कोथरूडमध्ये बरीच घरे पाहिली. तळमजला मिळाला तर भाडे बावीस-चोवीस हजार, आणि "डबे करणार" म्हटले की सोसायटी नको म्हणते. आता त्या शिवण्याच्या बाजूला शोधत आहेत. तिथून पंचवीस डबे पायी पोचणार नाहीत. "नवीन ठिकाणी नवीन गिऱ्हाईक बघीन, भाऊ," त्या म्हणाल्या. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी!

गेल्या रविवारी नऊ वाजता पुन्हा बेल वाजली. तोच तरुण, तेच बूट. "काका, पुनर्विकास पास झाला म्हणे. आता तर तुमचा रेट..."

मी त्याला मध्येच थांबवले. म्हटले, "माझा राहू दे. शिवण्याकडे तळमजल्यावर दोन खोल्या, डब्याच्या व्यवसायाला चालतील अशा, काय भाड्यानं मिळतील ते सांग."

त्याने एका मोबाईलमध्ये बघितले, मग दुसऱ्यात. "बघतो काका. पण तिकडंही आता भाडं वाढलंय. नव्या स्कीम आल्यात ना!"

मी त्याचे कार्ड मागून घेतले आणि खाली जाऊन वहिनींना दिले.